कानावरचे ग्रॅम

१९७८ साली झुरिकहून अमेरिकेला परतताना ध्वनी-अभियंते अमर बोस यांनी विमानातला हेडफोन कानाला लावला. गोंगाटात संगीत हरवलं, तेव्हा ते तिथेच गणित मांडायला बसले. नकोशा आवाजाच्या लाटेवर नेमकी उलटी लाट सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना गिळतात. १९८६ मध्ये कुठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या ‘व्हॉयेजर’ विमानाच्या दोघा वैमानिकांकडे याच तंत्राचे नमुना हेडसेट होते. पण ही युक्ती खालच्या पट्टीतल्या घरघरीवर उत्तम चालते, आणि ती घरघर पंख्याच्या छोट्या विमानात जास्त. प्रवासी जेटची इंजिनं कॉकपिटपासून बरीच मागे असतात. तिथे छळतो तो नाकाडावरून, काचांवरून घासत जाणाऱ्या वाऱ्याचा अखंड फुत्कार. तो त्या मानाने सौम्य असतो, तेव्हा कानशिलं आवळणारे जाड कप कशाला? बोस यांच्याच कंपनीचा ‘बोस ए२०’ हेडसेट सुमारे ३४० ग्रॅमचा, जेटसाठीचा ‘प्रोफ्लाइट’ सुमारे १३० ग्रॅमचा. आठ-नऊ तासांच्या उड्डाणात हा फरक मानेला कळतो. शिवाय हलक्या हेडसेटमधून शेजारच्या सहवैमानिकाचं बोलणंही ऐकू येतं, आणि मला ते शांततेपेक्षा मोलाचं वाटतं. हेडसेट घेताना प्लग आधी तपासा: एअरबसला सहसा पाच पिनांचा एकच लागतो, बोइंगला दोन वेगळे. आणि चष्मा असेल तर तो घालूनच, दुकानात पाच मिनिटं नव्हे, निदान तासभर हेडसेट डोक्यावर ठेवून बघा.