शीर्षप्रहेलिकेचा ताळा

दिवसाअखेर रोजमेळ जुळत नसेल आणि फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर जुने मुनीम प्रथम उलटे पडलेले अंक शोधीत. ७२ च्या जागी २७ लिहिले गेले की फरक ४५ येतो. पेढीवरची ही दृष्टी आगमातील एका महासंख्येलाही लावून पाहता येते.

अनुयोगद्वार सूत्रातील कालगणनेत ८४ लाख वर्षांचे एक पूर्वांग आणि ८४ लाख पूर्वांगांचे एक पूर्व, म्हणजे ७०,५६,००० कोटी वर्षे. पुढे त्रुटितांग, त्रुटित, अडडांग, अडड अशा प्रत्येक पायरीवर पुन्हा ८४ लाखांनी गुणावयाचे. (भगवान ऋषभदेवांचे ८४ लाख पूर्वांचे आयुष्य या कोष्टकात नेमके एक त्रुटितांग भरते.) अठ्ठाविसावी पायरी शीर्षप्रहेलिकेची. तिच्यापलीकडे अंकांची गणना थांबते. पल्योपम आणि सागरोपम उपमेनेच सांगावे लागतात.

ही संख्या अशी:

७५८२६३ २५३०७३ ०१०२४१ १५७९७३ ५६९९७५ ६९६४०६ २१८९६६ ८४८०८० १८३२९६

या ५४ अंकांपुढे १४० शून्ये. एकूण १९४ स्थाने. हातांनी उतरविल्या जाणाऱ्या पोथ्यांत एवढ्या लांब ओळीतील एखादा अंक चुकणे किती सोपे!

८४ ला तिनाने भाग जातो, म्हणून त्याच्या अठ्ठाविसाव्या घाताला नवानेही गेलाच पाहिजे. वरील ५४ अंकांची बेरीज २५२, म्हणजे नऊ गुणिले २८. हा ताळा जमला. परंतु शेजारचे दोन अंक उलटले असते, तरीही बेरीज हीच आली असती. रोजमेळातील तीच चूक येथे नवाला दिसत नाही. ती अकराला दिसते. एकं स्थानापासून एकाआड एक अंकांची बेरीज ११४, उरलेल्यांची १३८. ११४ मधून १३८ वजा केल्यास उणे २४. त्यात ३३ मिळविले की शेष ९. आता मुळाकडून पाहावे. ८४ ला अकराने भागता शेष ७. साताच्या दहाव्या घाताचा शेष १, म्हणून अठ्ठाविसाव्याऐवजी आठवा घात पुरतो. वर्ग करीत गेल्यास शेष ५, मग ३, मग ९. दोन्ही वाटा एकाच शेषावर आल्या.

शून्येही साक्ष देतात. ८४ लाखांत पाच शून्ये; केवळ २, ३ आणि ७ यांच्या गुणाकाराने बनलेले ८४ कितीही वेळा गुणले तरी त्यात शेवटी नवे शून्य येत नाही. म्हणून १४० भागिले पाच, पायऱ्या २८.

ज्योतिष्करंडकात मात्र, वालभी वाचनेनुसार, शीर्षप्रहेलिका २५० स्थानांची आहे: ७० अंक आणि १८० शून्ये. ५६ स्थानांचा हा फरक लेखनिकाचा प्रमाद वाटण्याजोगा आहे. परंतु १८० भागिले पाच म्हणजे ३६, आणि ८४ चा छत्तिसावा घात ७० अंकांचाच भरतो. तेथे अंक निसटलेला नाही. शिडीच आठ पायऱ्यांनी उंच आहे. त्यांतील कोणती शिडी मूळची, हे ना नवाचा ताळा सांगतो, ना अकराचा.