करवत भिंतीवर टांगू नका

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी गंजलेल्या करवती, रंधे, पटाश्या विकायला असतात. आता त्यांना नवं गिऱ्हाईक मिळालंय: वॉर्निश मारून कॅफेच्या भिंतीवर ठोकणारं. याला म्हणे जुन्याची कदर! अहो, धार नसलेली पटाशी म्हणजे भंगारच, वॉर्निश मारलेलं.

दुसरी जमात म्हणते, ‘कशाला डोकेफोड? नवीन स्वस्त मिळते.’ मिळते ना. पण हल्लीच्या बऱ्याच करवतींचे दात इंडक्शनने इतके कडक केलेले असतात की त्यांवर कानस नुसती घसरते. बोथट झाली की फेका. जुन्या करवतीला तिधारी कानशीने पुन्हापुन्हा धार लावता येते. आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘राइट टू रिपेअर’वर तावातावाने पोस्टी टाकतो आणि दुरुस्तच न होणारी हत्यारं कार्टमध्ये टाकतो!

आणि डोकेफोड ती किती? पातं रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच पुसून तेल लावा. धारेपाशी गंजाने खोल खड्डे पाडले असतील तर मात्र ते घेऊच नका. पटाशीला धार दगडावर लावा. ग्राइंडरवर निळी पडेपर्यंत तापली तर पोलादाचा कडकपणा गेलाच.

एवढं करून लाकूड कापा. कापायचं नसेल, तर करवत तिथेच राहू द्या. तुमच्या मागे उभं असलेलं गिऱ्हाईक सुतार असू शकतं.