शरीरातला मुद्राराक्षस

दिवाळी अंक म्हटला की मुद्राराक्षस आलाच! एक अक्षर बदलते आणि ‘पाहुण्यांना योग्य तो मान दिला जाईल’ याचे ‘योग्य तो मार दिला जाईल’ असे होते. आपल्या जनुकांतही असाच एक मुद्राराक्षस दडलेला असतो. शास्त्रज्ञ त्याच्या करामतीला उत्परिवर्तन म्हणतात. पुष्कळदा तिने काही बिघडत नाही. पण एक चूक मात्र जगप्रसिद्ध आहे.

रक्ताला तांबडा रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या ‘बीटा’ साखळीत १४६ मणी असतात. सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा. त्या जागी व्हॅलिन बसते, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली दाखवून दिले. एवढ्याशा फरकाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंग ठणकते, रक्त कमी होते. हाच सिकलसेल आजार.

मग निसर्गाने ही चूक पिढ्यान्‌पिढ्या खपवून का घेतली? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाहणीवरून याचे उत्तर दिले. जिला ही चूक आईबापांपैकी एकाकडूनच मिळते, ती व्यक्ती ‘वाहक’ होते. ती सहसा धडधाकट असते. शिवाय जीवघेण्या हिवतापापासून तिचा बराच बचाव होतो. हिवतापाच्या मुलुखात चूकच कवच ठरली!

हे आफ्रिकेचे पुराण आम्हाला कशाला, असे मात्र म्हणू नका. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांप्रमाणे नागपुरातल्या कुटुंबांतही सिकलसेल आढळतो. आईबाप दोघेही वाहक असले, तर दर खेपेला मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक. एकच वाहक आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन निर्दोष असले, तर मूल फार तर वाहक होईल. त्याला हा आजार होणार नाही.

केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. रक्ताची तपासणीही अवघड नाही. तेव्हा यंदा तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी बोलणी व्हायची असतील, त्यांनी छत्तीस गुणांबरोबर मुलामुलीचे रक्तही तपासून घ्यावे. आणि मुलीच्या कागदावर ‘वाहक’ असे आले, तर नाक मुरडून स्थळ मोडू नये. वाहक म्हणजे रोगी नव्हे. कुणा पूर्वजाला तापातून तारणारे कवच तिने वारशाने आणले आहे. मुलाचा कागद निर्दोष असला, की खुशाल मुहूर्त काढावा. दोघेही वाहक निघाले, तरच डॉक्टरांशी सविस्तर बोलून पुढचा निर्णय दोघांनी घ्यावा.