शब्दांची ओळख : ‘इंटरेस्ट’

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुतणी दहावी झाली आणि एका विज्ञान शिबिराचा अर्ज घेऊन आली. अर्ज इंग्रजीत होता. भाईजाननी चष्मा लावून तो स्वतः भरला आणि माझ्याकडे तपासायला दिला. नाव, पत्ता, गुण, सगळं ठीक. पण ‘इंटरेस्ट्स’ या रकान्यासमोर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘निल’.

मी विचारलं, “भाईजान, हे काय?”

“बरोबरच आहे. आपल्या घरात व्याजाचा पैसा कधी आला नाही, इन्शाअल्लाह येणारही नाही. सरळ लिहून टाकलं.”

पुतणी दाराशी मान खाली घालून उभी होती. तिला या शब्दाचा अर्थ माहीत होता. नंतर हळूच म्हणाली, “चाचा, अब्बांनी इतक्या ठामपणे लिहिलं, मी कसं बोलू?”

भाईजानांना हसू नका. त्यांनी हा शब्द आयुष्यभर पासबुकातच पाहिला. दर तिमाहीला जमा होणारी ती नोंद आपल्यातली अनेक घरं पाहतात आणि तेवढी रक्कम वेगळी काढून ठेवतात. त्यांचा अर्थ चुकीचा नव्हता, फक्त जागा चुकली. कारण इंग्रजीत ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज, तसंच आवड, हित आणि हिस्साही.

एकाच शब्दाला इतके अर्थ कसे? मूळ शब्द लॅटिन आहे, ‘इंटरेसे’. त्याचा अर्थ ‘मध्ये असणे’, त्यावरून ‘फरक पडणे, संबंध असणे’. ज्या गोष्टीशी आपला संबंध आहे तिच्यात आपलं मन असतं, ती झाली आवड. जिच्यात आपला फायदा-तोटा असतो, ते झालं हित. जिच्यात आपला वाटा असतो, तो झाला हिस्सा.

मग व्याज कुठून आलं? हा इतिहास आपण जाणून घेण्यासारखा आहे. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती चर्चनेही व्याज निषिद्ध ठरवलं होतं. त्याला लॅटिनमध्ये ‘उसूरा’ म्हणत. मात्र कर्जदाराने वेळेवर पैसे दिले नाहीत आणि त्यामुळे सावकाराचं नुकसान झालं, तर भरपाई मागता येई. या भरपाईचं नाव ‘इंटरेसे’. हळूहळू भरपाईच्या नावाखाली व्याजच घेतलं जाऊ लागलं. इंग्लंडमध्ये १५४५ साली आठव्या हेन्रीच्या काळात दहा टक्क्यांपर्यंतच्या व्याजाला कायद्याने मुभा मिळाली, १५५२ मध्ये ती काढून घेतली गेली आणि १५७१ मध्ये पुन्हा दिली गेली. आता त्या जुन्या शब्दापासून आलेला ‘यूझरी’ म्हणजे फक्त अवाच्या सवा व्याज, आणि साध्या व्याजाला सभ्य नाव ‘इंटरेस्ट’. नाव बदललं, व्यवहार तोच राहिला.

नाव बदलण्याची ही युक्ती आजही चालते. दुकानात ‘झिरो इंटरेस्ट’ची पाटी दिसली की आपल्याला हायसं वाटतं. पण २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं, की अशा शून्य टक्के योजनांत व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं. म्हणून पाटी वाचून थांबू नका. रोख किंमत किती आणि हप्त्यांची एकूण बेरीज किती, हे दोन आकडे मागा.

आता सर्वांत महत्त्वाचा अर्थ. ओळखीच्या एका आपा एकदा इंग्रजी कागद घेऊन आल्या. वडिलांच्या घराचा मामला होता. भावांनी सांगितलं होतं, “तुझा इंटरेस्ट नाही, एवढंच लिहून द्यायचंय.” आपांना वाटलं, खरंच, मला त्या भांडणात कसला इंटरेस्ट! तो कागद हक्कसोडपत्राचा होता. त्यात ‘राइट, टायटल अँड इंटरेस्ट’ असे तीन शब्द एकापाठोपाठ आले होते. म्हणजे हक्क, मालकी आणि हितसंबंध. सही झाली असती तर आपांचा वाटा संपला असता. मुलीचा हिस्सा सूरह निसामध्ये ठरवून दिलेला आहे. तो ठेवायचा की भावाला द्यायचा, ही तिची मर्जी. पण आपण काय देतोय हे तिला कळलं तरी पाहिजे. आपा तो कागद सही न करता परत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “आता आधी विचार करते.”

अर्थ ओळखायचा कसा? शेजारचा शब्द पाहा. जवळ ‘रेट’, ‘पर्सेंट’, ‘सिंपल’, ‘कंपाउंड’ असेल तर व्याज. ‘हॉबी’ किंवा ‘एरिया ऑफ’ असेल तर आवड. ‘पब्लिक’ असेल तर हित; जनहित याचिकेतलं ‘हित’ ते हेच. आणि ‘राइट’, ‘टायटल’, ‘शेअर’ असेल तर हिस्सा, तिथे सहीची घाई करू नका. आणखी एक जोडी लक्षात ठेवा : ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला गोडी नाही तो, आणि ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही तो. न्यायाधीश दुसऱ्या प्रकारचा हवा, पहिल्या प्रकारचा नको.

अर्जाचं काय झालं? दुसरी प्रत काढली आणि तो रकाना पुतणीला स्वतः भरायला दिला. तिने लिहिलं, आकाशातले तारे आणि चित्रकला. भाईजाननी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “बेटा, ताऱ्यांची आवड तुला कधीपासून?”

“तिसरीपासून, अब्बा. गच्चीवर झोपायचो ना आपण, तेव्हापासून.”

तुमच्या घरातही असा एखादा रकाना आपण मुलांना न विचारताच भरत असू. एकदा विचारून पाहा.

पुढच्या महिन्याचा शब्द : ‘चार्ज’. मोबाइलचा, पोलिसांचा आणि दवाखान्याच्या बिलातलाही.