अजिंठ्याची फुशारकी आणि जपानी छापे

जपानच्या चित्रकलेचें मूळ अजिंठ्यांत आहे, असें आमच्या छत्रपती संभाजीनगरांत पाहुण्यांस मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येतें. होर्यूजी मंदिरांतील, 1949 सालीं आगींत होरपळलेलीं भित्तिचित्रें आणि पहिल्या लेण्यांतील पद्मपाणी यांचें साम्य विद्वानांनीं दाखविलें आहे. तें आम्ही नाकारीत नाहीं. पण आजोबांच्या श्रीमंतीवर नातवानें किती दिवस मिशीला पीळ द्यावा?

जपानी लाकडी ठशांचीं चित्रें पाहा. एकानें रेखाटावें, दुसऱ्यानें चेरीच्या फळीवर कोरावें, तिसऱ्यानें रंगागणिक निराळा ठसा कागदावर उमटवावा. आणि तो कागद सामान्य गिऱ्हाइकास परवडावा, असा तो धंदा होता. होकुसाईची प्रसिद्ध लाट 1831 च्या सुमाराची. तींतला निळा रंग युरोपांत शोधलेला, हें आमच्या शुद्धतावाद्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें! याच कागदांनीं पुढें पॅरिस जिंकलें. 1887 सालीं व्हॅन गॉगनें हिरोशिगेचीं दोन चित्रें तैलरंगांत उतरविलीं. मेरी कॅसॅटनें 1890 चें तेथील जपानी छाप्यांचें प्रदर्शन पाहून स्वतःचे रंगीत छापे काढले.

अजिंठ्याचें काय झालें? रॉबर्ट गिलच्या प्रतिकृती 1866 सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसांत जळाल्या. जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं 1872 पासून वर्षानुवर्षें खपून केलेल्यांपैकीं पुष्कळ 1885 सालीं साउथ केन्सिंग्टनांत खाक झाल्या. अराई कांपो या जपानी चित्रकारानें येथें येऊन केलेल्या प्रतिकृती 1923 च्या भूकंपांत टोकियोंत गेल्या. एकेकच प्रत, ती जळाली कीं संपलें! हिरोशिगेचा एक कागद जळाला तर दुसरा कोणाच्या तरी घरीं असे. ग्रिफिथ्सचे दोन जाडजूड खंड 1896-97 सालीं निघाले खरे, पण मध्यम स्थितीच्या गृहस्थानें ते दुरूनच पाहावयाचे.

छापे काढले कीं कला बाजारी होते, असें कोणी म्हणतील. पुण्याची चित्रशाळा 1878 सालीं निघाली, रविवर्म्याचा छापखाना 1894 सालीं. त्यांच्या चित्रांकडे पाहून रसिकांनीं असेंच नाक मुरडलें, आणि देव्हाऱ्यांत मात्र तींच लाविलीं. जपानांतही प्रतिष्ठितांच्या लेखीं हे छापे हलकेच होते.

आमच्या वाचकांपैकीं कितीजणांच्या दिवाणखान्यांत अजिंठ्याचें एक बरें चित्र आहे? शहरांत शासकीय कलामहाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांस सतराव्या लेण्यांतील अप्सरा फळीवर कोरावयास द्यावी, आणि लेणीं पाहून एस. टी. नें परतणाऱ्या शिक्षकास परवडेल अशा किमतीस छापा विकावा. रेषा बिघडेल, अशी ओरड होईल. होवो.