सोनारानेच कान टोचावे

कान सोनारानेच टोचावे, अशी आपल्याकडे म्हण आहे. तार तीच, कानाची पाळी तीच. पण अनाडी हाताने टोचले तर पाळी पिकते, आणि सोनाराने टोचले की पोर घटकाभर रडते नि मग डूल घालून मिरवते. माणसाला त्याची चूक दाखवण्याचेही असेच असते. आपल्या वाचकांत ख्रिस्ती मराठी कुटुंबेही आहेत. एकमेकांना चूक दाखवणे हे त्यांच्या धर्मात कर्तव्यच मानले आहे, पण नम्रतेने. म्हणून या वेळी त्या कानटोचणीविषयी चार शब्द लिहायचे आम्ही योजले आहे.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, हे आपण घरोघर म्हणतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात येशूने हाच दृष्टान्त दिला आहे, आणि मराठी बायबलातही शब्द कुसळ आणि मुसळ हेच आहेत. गंमत अशी, की आपण त्यातला अर्धाच भाग ध्यानात ठेवतो. "आधी आपलं मुसळ बघा, मग मला सांगा," असे म्हणून समोरच्याचे तोंड बंद करायला तो फार सोयीचा पडतो! पण येशूचे बोलणे तिथे थांबत नाही. आधी आपले मुसळ काढ, म्हणजे भावाचे कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असा त्याचा रोख आहे. म्हणजे कुसळ काढायचे आहेच. डोळ्यात कुसळ गेलेल्या माणसाला "असू द्या हो, आपल्याला काय करायचंय" म्हणणे ही काही माया नव्हे. फक्त क्रम चुकवायचा नाही. शिवाय जागा डोळ्याची. काढणाऱ्याचा हात हलका हवा, आणि ज्याचा डोळा त्यानेही तो क्षणभर उघडा धरायला हवा.

त्याच शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात तर रीतच घालून दिली आहे. भावाने अपराध केला, तर आधी त्याच्याकडे एकट्याने जायचे आणि दोघांतच बोलायचे. ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यायचे. तरीही नाही, तर मगच मंडळीपुढे. आपला व्यवहार बहुतेक वेळा याच्या उलट. आधी फोनवर चार घरी चर्चा होते, मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "सर्वांसाठी" म्हणून एखादा सुविचार पडतो, आणि तो ज्याच्यासाठी असतो त्याला सगळ्यांत शेवटी कळते. चर्चमध्ये तर याला प्रार्थनेचा विषयही करता येतो. "अमक्यांसाठी प्रार्थना करा हं," म्हणता म्हणता अमक्यांची सगळी हकीकत सांगून होते!

परदेशात संसार मांडलेल्या आपल्यासारख्यांना जवळचे वाटावे असे एक जोडपे बायबलात आहे. अक्विला मूळचा पंत प्रांतातला. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून घालवले तेव्हा तो आणि त्याची बायको प्रिस्किल्ला करिंथला आली. धंदा तंबू करण्याचा. तिथून पुढे दोघे इफिसला गेली. प्रेषितांच्या कृत्यांच्या 18व्या अध्यायात गोष्ट आहे, की अपुल्लोस नावाचा मोठा विद्वान आणि फर्डा वक्ता इफिसच्या सभास्थानात बोलू लागला. बोलत होता ते खरेच होते, पण त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापुरतेच माहीत होते. या दोघांनी ते ऐकले. भर सभेत उठून "तुमचं अपुरं आहे" असे त्यांनी म्हटले नाही. त्याला आपल्याकडे नेले आणि प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. तंबू शिवणाऱ्या नवराबायकोने पंडिताला शिकवले आणि पंडितानेही ते ऐकून घेतले. यात थोर कोण, सांगणारे की ऐकणारा? आम्हाला तर दोन्हीकडची नम्रता सारखीच अवघड वाटते.

पण दर वेळी सगळे इतके सरळ होत नाही. आपल्याच मातीतले एक उदाहरण आहे, आणि तेही इंग्लंडातले. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला आल्या, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथे लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या जणू त्यांच्या धर्ममाता. माया खरी होती, पण शिस्तही कडक होती. रमाबाई शाकाहारी. अंडे घातलेले पुडिंगही त्या खात नसत. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अभिमान उरलेला दिसला आणि त्यांनी तसे सुनावले. रमाबाईंनी उत्तर दिले. आपले जुने ग्रह सगळेच सुटलेले नाहीत हे त्यांनी नाकारले नाही. पण हिंदू लोकांत राहायला गेलेल्या एखाद्या इंग्रज बाईने आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत, म्हणून तिला कोणी गर्विष्ठ म्हटले, तर तिला कसे वाटेल, असा उलट प्रश्नही त्यांनी केला. पुढे वाद त्रैक्याच्या सिद्धान्तापर्यंत आणि चर्चच्या अधिकारापर्यंत गेला. देवाने आपल्यालाही मन आणि विवेक दिला आहे, ही गोष्ट रमाबाईंनी कधी सोडली नाही.

मग ही नम्रता म्हणायची का? आम्ही म्हणू, हो. मान तुकवणे म्हणजेच नम्रता नव्हे. सांगितलेले ऐकायचे, पाखडायचे, दाणा ठेवायचा, फोल टाकायचे आणि सांगणाऱ्याशी नाते तोडायचे नाही, हे जास्त कठीण. रमाबाईंनी ते केले. जेराल्डीनबाईंना त्या पत्रांतून "आजीबाई" म्हणत राहिल्या, आणि पोटची मुलगी त्यांच्याकडे विश्वासाने ठेवली. जेराल्डीनबाईंचाही मोठेपणा असा, की आपल्याला खोडून काढणारी पत्रे त्यांनी फाडली नाहीत. ती जपून, संगतवार लावून ठेवली. म्हणून तर 1977 साली महाराष्ट्रात ती अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापता आली. आणि 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनीच सांगितले, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांना धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता. आणि यात दोष कोणाचाच नव्हता. जी गोष्ट पुडिंगावरून वाद घालून पटली नसती, ती त्यांची त्यांना उमगली, आणि उमगल्यावर बोट दुसऱ्या कोणाकडे गेले नाही.

यात आपल्या सर्वांच्या उपयोगाचे एक सूत्र आहे. चूक कुठली आणि चाल कुठली, हे आधी निवडून घ्यावे. मुलगा खोटे बोलला, ही चूक. तो हाताऐवजी काट्याने पोळी खातो, ही चाल. नव्या सुनेने कोणाचा अपमान केला, तर ती चूक. तिने नाताळच्या करंज्यांत खोबऱ्याऐवजी दुसरेच सारण भरले, तर ती चाल, आणि कदाचित चवीला बरीही! जेराल्डीनबाईंसारख्या मायाळू बाईचीही गल्लत झाली ती इथेच. परक्या देशात आपण सगळेच थोडे भ्यालेले असतो, त्यामुळे चाल मोडली की धर्मच बुडाला असे वाटू लागते. इथे वाढलेली मुले आईवडिलांना काही सांगू लागतात, तेव्हाही हेच पारखावे. लहान तोंडी मोठा घास म्हणून उडवून लावण्याआधी घासात काय आहे ते तरी बघावे.

आणि निवडून झाल्यावरही ती चूकच ठरली, तर मात्र गप्प बसू नये. फोन उचलावा, "चहाला येऊ का?" म्हणून विचारावे, आणि एकट्यानेच जावे. बोलून झाल्यावर "आता माझं काही चुकत असेल तर तुम्ही सांगा," हे म्हणायला विसरू नये, आणि उत्तर येईपर्यंत कप खाली ठेवून बसावे. वाचकांपैकी कोणी अशा चहाला गेले असेल, किंवा कोणाच्या घरी असा पाहुणा आला असेल, तर आम्हाला जरूर कळवावे. नावे अर्थातच नकोत.