पडदा हवा, भिंत नको

फ्लॅट बुक करताना ब्रोशरमधल्या बाल्कनीत दोन वेताच्या खुर्च्या, कॉफीचा मग आणि भरपूर हिरवळ असते. पझेशननंतर तिथे आधी कपड्यांचा स्टँड येतो, मग बंद पडलेली व्यायामाची सायकल आणि वर्षभरात काचेच्या दाराला कायमचा पडदा. कारण एकच, समोरच्या विंगमधले काका. ते बिचारे पेपर वाचत असतात, पण दोन बाल्कन्यांमधलं अंतर जेमतेम तीस फूट. घरच्या कपड्यांत, विस्कटलेल्या केसांनी चहा प्यायची सोय नाही. एवढं कर्ज काढून घेतलेली उजेडाची जागा अशी हातची जाते आणि भर दुपारी घरात ट्यूबलाइट लागते.

मग शनिवारी नर्सरी गाठायची. 'प्रायव्हसीसाठी काहीतरी उंच द्या!' सहा एरिका पाम घरी येतात. मे महिन्यात त्यांची टोकं करपतात, जूनच्या वाऱ्यात दोन कुंड्या आडव्या होतात आणि गणपतीपर्यंत पुन्हा पडदा ओढलेला. झाडांचा यात काही दोष नाही. झाड आधी घेतलं आणि जागा नंतर पाहिली, एवढीच गडबड.

आधी खुर्चीत बसा

नर्सरीत जाण्याआधी एक काम करा. ज्या वेळी बाल्कनीत बसायचंय, त्याच वेळी तिथे खुर्ची टाकून बसा. नजर नेमकी कुठून येते ते बघा. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास असतात. म्हणजे समोरून बघणाऱ्यासाठी साडेचार-पाच फुटांची हिरवी आड पुरते, छतापर्यंत जंगल नको. बाजूच्या बाल्कनीतून नजर येत असेल, तर त्या कोपऱ्यात एकच भरगच्च कुंडी काम करते. गच्चीवर किंवा तळमजल्याच्या बागेत नजर वरून येते. तिथे कितीही उंच कुंपण केलं तरी उपयोग नाही, डोक्यावर मांडव हवा. आणि झाड खुर्चीच्या जेवढं जवळ, तेवढं लहान झाड पुरतं.

सगळी बाजू झाडांनी चिणू नका. दोन कुंड्यांमध्ये फट ठेवा. नाहीतर नजर अडेल, पण वाराही अडेल आणि मग एसी सुरू!

उन्हाचं गणित

मुंबई-पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरमध्ये छान ऊन येतं, पण मे महिन्यात वरच्या मजल्याची सावली पडते. दिवाळीत पाहिलेल्या उन्हावर वर्षभराचं झाड ठरवू नका.

पश्चिमेची भट्टी : दुपारी दोन ते सहा ऊन असेल तर बोगनवेलीला पर्याय नाही. पाच-सहा तास कडक ऊन तिला आवडतं आणि माती वाळू दिली की फुलं जास्त येतात. काटे असतात, म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर नको. मोठी कुंडी आणि चढायला जाळी असेल तर मधुमालती लावा. तिची फुलं उमलताना पांढरी, मग गुलाबी, मग लाल. घाई असेल तर गोकर्णाच्या बिया पेरा, दोन-तीन महिन्यांत जाळी भरते. ऊन बेताचं असेल तर मायाळू. पडदा तर होतोच, वर भजीची सोय!

वाऱ्याचा चौदावा मजला : इथे माती भराभर वाळते आणि रुंद पानांच्या चिंध्या होतात. समुद्र जवळ असेल तर वाऱ्याबरोबर मीठही येतं. कोयनेल ही आपली जुनी कुंपणाची झुडपं, मुळात खाडीकाठचीच, त्यामुळे खारा वारा सोसतात. वरचेवर छाटली की दाट होतात. कुंडी बसकी आणि रुंद बुडाची घ्या, कठड्याच्या आतच ठेवा. बाहेर टांगलेली कुंडी दिसते छान, पण खाली माणसं चालत असतात. चाफाही खारा वारा सोसतो, पण हिवाळ्यात पानं गाळतो. बाल्कनीत बसायचे दिवस आले की पडदाच गायब!

अंधारी ड्राय बाल्कनी : डक्टकडे उघडणाऱ्या जागेत मनीप्लांट किंवा सिंगोनियम काठीवर चढवा, खाली स्नेक प्लांटची रांग लावा. पाणी मोजकंच घाला. या कोपऱ्यात झाडं मरतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने. दिवसा दिव्याशिवाय पेपर वाचता येत नसेल, तर मात्र झाडाचा हट्ट सोडा. काचेला फ्रॉस्टेड फिल्म लावा आणि मोकळे व्हा.

तळमजल्याची पट्टी : भिंत आणि खिडकी यांच्यामधल्या चार फुटांत, दोन-तीन तासांच्या उन्हात तगर आणि कुंती, म्हणजेच कामिनी, उत्तम. दोन-दोन फुटांवर लावा, भिंतीपासून थोडी जागा सोडा. दोन्हींना पांढरी फुलं आणि कुंतीचा वास तर विचारूच नका.

'फास्ट ग्रोथ'पासून सावधान

'सहा महिन्यांत भिंत तयार' असं ऐकलं की आधी झाडाचं नाव विचारा. कोनोकार्पस असेल तर नको म्हणा. परागकणांची अॅलर्जी आणि जमिनीखालच्या पाइप-केबलना मुळांचा त्रास या तक्रारींमुळे गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. वड-पिंपळाच्या कुळातला फायकसही ड्रेनेजच्या चेंबरजवळ नको. आणि शहरात झाड लावताना कुणी अडवत नाही, पण तोडताना परवानगी लागते. महाराष्ट्रात तसा कायदाच आहे, १९७५ पासून. चुकीच्या जागी लावलेलं झाड म्हणजे तुमच्या आणि सोसायटीच्या मधला कायमचा विषय.

कण्हेर ऊन सोसते, दाट वाढते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टीही तशीच. घरात रांगतं बाळ किंवा पाने चघळणारं मांजर असेल तर या दोघींना लांबूनच नमस्कार.

वजनाचाही विचार करा. एक घनफूट ओली माती साधारण ४५ ते ५० किलो भरते. अशा दहा मोठ्या कुंड्या म्हणजे जवळपास अर्धा टन! मातीत कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळून भार हलका करा. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा, कारण डेंगीच्या डासाला साचलेलं स्वच्छ पाणीच लागतं. जास्तीचं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकत नाही ना, तेही बघा. वरच्या झाडांमुळे खालच्यांचे वाळत घातलेले कपडे मातकट झाले, की प्रायव्हसी राहते बाजूला आणि रोज बेल वाजते.

शेवटचं, थोडा धीर धरा. झुडपांचा दाट पडदा व्हायला दोन पावसाळे जातात. तोपर्यंत बांबूच्या चिकाचा पडदा लावा आणि झाडं वाढतील तसा तो वर गुंडाळत जा. या रविवारी मात्र खरेदी नको. नुसती खुर्ची टाका, चहा घ्या आणि तासभर बसा. काकांनी पेपरवरून मान वर केलीच, तर हात हलवा. इतकी वर्षं समोरासमोर राहायचंय, थोडी ओळख असलेली बरी.